गडावरच्या तळ्यांपासून गावातल्या विहिरींपर्यंत : आमच्या अभ्यासमंडळाची वाटचाल

पेढी नदीच्या काठावरचे भातकुली दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : आदिनाथांचे जैन तीर्थक्षेत्र आणि रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याचे भोजकट ते हेच, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा. आमचे अभ्यासमंडळ जमले ते याच कथेच्या ओढीने. वाचनालयाच्या खोलीत शिक्षक, शेतकरी, निवृत्त कर्मचारी आणि कॉलेजची पोरे बसू लागली. वऱ्हाडचा इतिहास आपण नीट वाचायचा, एवढाच संकल्प होता. वाचता वाचता प्रत्येक पुस्तकात एकच नाव वारंवार येऊ लागले : गाविलगड. मग ठरले की पुस्तक मिटून गड चढायचा.

पहिला टप्पा : गड पाहणे

अचलपूर-परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचायचे आणि पठारावरून गडाकडे वळायचे, हा आमचा ठरलेला रस्ता. सुरुवातीच्या गडफेऱ्या दरवाजे पाहण्यात गेल्या. दिल्ली दरवाजावरचे शिल्प पाहून सगळेच थबकले. हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर कसे, हा प्रश्न घेऊन आम्ही परतलो आणि उत्तर शोधत गेलो.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने इ. स. १४२५-२६च्या सुमारास हा किल्ला बांधला. त्याआधी इथे गवळी राजांची गढी होती, असे परंपरा सांगते. पुढे फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क वऱ्हाडचा सुभेदार झाला. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला, जन्माने हिंदू. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि बहमनी सेवेत वाढला. १४८८मध्ये त्याने गडाची डागडुजी केली. गंडभेरुंड हे दक्षिणेकडचे राजचिन्ह, ते त्याच्याबरोबर सातपुड्यात आले असावे. थोड्याच वर्षांत त्याने वऱ्हाडची इमादशाही उभी केली. १५७४मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली. पुढे मोगल आले, मग नागपूरकर भोसले.

दुसरा टप्पा : लढाई समजून घेणे

मंडळाने पुढे १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धातल्या गाविलगड मोहिमेचा अभ्यास हाती घेतला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला मराठी फौज हरली आणि इंग्रजांनी गाविलगडाकडे मोर्चा वळवला. दक्षिणेची बाजू उभ्या कड्याची, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगर वळसा घालून उत्तरेला गेली. जड तोफा ओढण्यासाठी जंगलातून रस्ते फोडावे लागले. ७ ते १२ डिसेंबर हे दिवस त्यातच गेले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून दबाव ठेवून होता. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत घुसले. आतला तट मात्र फुटला नव्हता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला.

नकाशे हातात धरून आम्ही दोन्ही तटांमधली खोलगट जागा चाललो, तेव्हा आतल्या-बाहेरच्या कोटाची रचना डोक्यात शिरली. १८२२मध्ये गड निजामाकडे गेला, १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८५८मध्ये तात्या टोपे इकडे येऊन गडाचा आसरा घेईल या धास्तीने इंग्रजांनी तटबंदी निकामी केली. पडझडीचा बराच भाग माणसांनी मुद्दाम केलेला आहे, हे कळल्यावर पोरांची नजर बदलली.

तिसरा टप्पा : पाणी वाचणे

मंडळाच्या वाटचालीतले खरे वळण एका शेतकरी सभासदाने आणले. बाकीचे मशिदीच्या कमानी आणि तोफा पाहत असताना तो तळ्यांपाशी रेंगाळायचा. पाणी कुठून येते, कोणत्या उतारावरून, बांध कुठे घातलाय, हे तो पावलांनी मोजायचा. कोणी विचारले तर म्हणायचा, की गडावरचे पाणी पाहून झाले, आता आपल्या वावरातले पाहू.

त्याचे म्हणणे आम्हाला लगेच भिडले, कारण भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. इथली काळी जमीन खोल आणि कसदार, पण तिच्या पोटातले पाणी खारट. विहीर असते, पाणीही असते, पण ते प्यायचे कसे आणि पिकाला द्यायचे कसे? खारट पाणी दिले की माती चिकटून बसते, निचरा होत नाही आणि वावर बिघडते. म्हणून कपाशी, तूर, हरभरा ही पिके पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर.

याच खोऱ्यातली माती सातपुड्यातून आलेल्या नद्यांनी आणून टाकली आहे. चंद्रभागा, सापन, शहानूर गाविलगडच्या डोंगरातून उतरतात आणि त्यांचे पाणी अखेर पूर्णेला मिळते. चिखलदऱ्याला अमरावतीच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. शहानूर धरणाचे पाणी आज नळाने खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांपर्यंत पोहोचते. आम्ही ज्या डोंगरावर इतिहास पाहायला जात होतो, त्यानेच आमची जमीन घडवली होती आणि तोच आमच्या पट्ट्याची तहान भागवत होता.

गडावरच्या माणसांपुढचा प्रश्नही याच जातीचा होता. पाऊस भरपूर, पण उतारावरून तासाभरात निघून जाणारा. एवढ्या उंचीवर शेकडो माणसे, घोडे आणि हत्ती राहायचे तर चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवणे भाग. म्हणून पठारावरच्या उतारांचे पाणी तळ्यांकडे वळवलेले. नरनाळा किल्ल्यावर गेलो तेव्हा शक्कर तलाव आणि झाकलेली दगडी टाकी पाहून खात्री पटली, की त्या काळच्या गडकऱ्यांना तटाइतकीच पाण्याची चिंता होती.

चौथा टप्पा : गावाकडे वळणे

त्यानंतर मंडळाची वही दोन भागांत लिहिली जाऊ लागली. एका भागात गडाच्या नोंदी, दुसऱ्यात गावच्या. वाचनालयाच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसला. पोरे पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजू लागली. कोणत्या विहिरीचे पाणी कमी खारट, कोणत्या महिन्यात, हे टिपले जाऊ लागले. सभासदांच्या वावरात शेततळी झाली. तूर फुलावर असताना पावसाने दडी मारली, तर शेततळ्यातले गोडे पाणी एकदा दिल्याने पीक तगते, हे आम्ही पाहिले.

गडावर जाण्याचे नियमही याच काळात पक्के झाले. गाविलगड केंद्राचे संरक्षित स्मारक आहे आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाच्या कुशीत आहे. म्हणून वनविभागाची वेळ पाळायची, प्लास्टिक न्यायचे नाही, भिंतीवर काही लिहायचे-कोरायचे नाही, पडका दगड हलवायचा नाही. तळ्यात कचरा दिसला तर काढून खाली आणायचा.

पुढे

आता मंडळाला दोन कामे करायची आहेत. गाविलगड आणि नरनाळ्याच्या तळ्यांचा, उतारांचा आणि बांधांचा साधा आराखडा काढून शाळांना द्यायचा. आणि तालुक्यातल्या गावागावांत पाऊस व विहिरींच्या नोंदी ठेवणारी पोरे तयार करायची. वऱ्हाडचा इतिहास सुलतानांच्या, किल्लेदारांच्या आणि साहेबांच्या नावांनी लिहिला गेला. त्यात पाण्याचे पान जोडायला हवे, आणि ते खारपाणपट्ट्यातल्या माणसांनी लिहावे, कारण गोड्या पाण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहे?