सुट्या भागांचं घराणं

१९८० च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या मॅटेल कंपनीत एका बैठकीसाठी रॉजर स्वीट नावाच्या डिझायनरनं तीन पुतळे मांडले. तिन्ही पुतळे मुळात ‘बिग जिम’ या कंपनीच्याच जुन्या खेळण्याचे. स्वीटनं त्यांना लढाईच्या पवित्र्यात उभं केलं, छाती, दंड आणि मांड्यांवर मातीचे थर चढवून पैलवानी अंग दिलं आणि मग ते प्लॅस्टरमध्ये ओतून घेतले. एक रानटी योद्धा, एक सैनिक, एक अंतराळवीर. पसंती योद्ध्याला मिळाली. १९८२ मध्ये तो ‘ही-मॅन’ म्हणून दुकानांत आला. त्याचं जनकत्व आपलं, असं चित्रकार मार्क टेलर यांचंही म्हणणं होतं, कारण त्यांची रेखाटनं आधीची होती. त्याचा हिरवा वाघ ‘बॅटल कॅट’ कुठून आला याबद्दल मात्र वाद नाही. बिग जिमच्या संचात एक वाघ होता. त्याच साच्यातून हिरव्या प्लॅस्टिकचा वाघ काढला, खोगीर चढवलं आणि ही-मॅनचं वाहन तयार झालं.

जुना पुतळा उघडायचा, त्याच्यावर लुकण चढवायचं, दुसऱ्याचं डोकं आणि तिसऱ्याचे हात बसवायचे, रंग द्यायचा आणि बाजारात न मिळणारं पात्र उभं करायचं, हा उद्योग आज जगभर असंख्य माणसं घरच्या टेबलावर करतात. त्याला कस्टमायझिंग म्हणतात. त्यातलं सुट्या भागांच्या जुळणीचं काम ते किटबॅशिंग. हा शब्द मॉडेल रेल्वे आणि प्लॅस्टिकच्या मॉडेलवाल्यांकडून इकडे आला. कंपनी अस्सल वस्तू घडवते आणि हौशी लोक नंतर तिच्यात ढवळाढवळ करतात, असा सर्वसाधारण समज आहे. अ‍ॅक्शन फिगरचं कुळ शोधत मागे गेलं की तो टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही खेळणी जोडकामातूनच जन्मली आहेत.

मूळपुरुष म्हणजे हॅस्ब्रोचा १९६४ चा ‘जी.आय. जो’. कल्पना स्टॅन वेस्टन यांची. ती प्रत्यक्षात आणली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या हॅस्ब्रो कंपनीच्या डॉन लेव्हिन यांनी. सैनिकाचं खेळणं कसं असावं याचा विचार चालू असताना चित्रकलेच्या साहित्याच्या एका दुकानात, काचेमागे, चित्रकार अंगस्थितीच्या अभ्यासाला वापरतात तो सांधेदार लाकडी पुतळा त्यांना दिसला, असं लेव्हिन सांगत. त्यातून सुमारे बारा इंची, २१ हलत्या भागांचा सैनिक तयार झाला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीनं कंपनीनं ‘बाहुली’ हा शब्दच वर्ज्य केला आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव रूढ केलं. माणसाच्या नुसत्या आकारावर हक्क सांगता येत नाही, म्हणून नकला ओळखू याव्यात यासाठी गालावर व्रण ठेवला आणि अंगठ्याचं उलट्या बाजूला गेलेलं नखही तसंच राहू दिलं. सांध्यांच्या रचनेचं पेटंट १९६६ मध्ये मिळालं.

या कुळाची सारी लक्षणं त्या पहिल्याच पिढीत दिसतात. जो चार प्रकारांत आला: पायदळाचा सैनिक, नौसैनिक, मरीन आणि वैमानिक. चौघांचं शरीर एकच, गणवेश आणि शस्त्रं वेगळी आणि सुटी विकत घेण्याजोगी. पुतळा एकदाच घ्यायचा आणि त्याचं सामान घेत राहायचं, हे बार्बीनं १९५९ पासून सिद्ध केलेलं व्यापारी गणित होतं. कंपनीनं ते विक्रीसाठी मांडलं, पण त्याबरोबर मुलांच्या हाती एक विचारही गेला. हे शरीर म्हणजे पाया आहे आणि त्यावर कोण उभा राहणार ते आपण ठरवायचं.

पुढच्या खेळण्यांनी हा विचार आणखी ताणला. १९६६ मध्ये आयडियल कंपनीनं ‘कॅप्टन अ‍ॅक्शन’ आणला. त्यामागेही वेस्टनच होते. एकाच पुतळ्याला मुखवटा आणि पोशाख चढवून सुपरमॅन करता येई, बॅटमॅन करता येई, आणि ज्याला मराठी वाचक इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ म्हणून ओळखतात तो फँटमही. १९७० च्या दशकात मेगो कंपनीनं आठ इंची सुपरहिरोंची रांगच काढली. आतलं धड सगळ्यांना एकसारखं, डोकं आणि कापडी कपडे तेवढे निराळे. त्यामुळे मेगोचा पुतळा बदलायला नवं डोकं आणि थोडी शिलाई पुरे. मेगो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाली, तरी तिच्या धडांवर नवी पात्रं चढवण्याची हौस टिकून राहिली.

एक शाखा जपानला गेली. टाकारा कंपनीनं हॅस्ब्रोकडून परवाना घेऊन जी.आय. जो जपानमध्ये विकला. मग १९७२ मध्ये त्याच बारा इंची शरीराला पारदर्शक प्लॅस्टिकचं करून, आत यंत्राचे अवयव दाखवून ‘हेनशिन सायबॉर्ग’ केला. ही कल्पना लहान आकारात आणली ती १९७४ च्या ‘मायक्रोमॅन’नं. त्याच्या वाहनांना आणि हत्यारांना पाच मिलिमीटरच्या खुंट्या आणि तेवढीच भोकं होती, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्यावर बसे. यातून पुढे ‘डायाक्लोन’ आला आणि या खेळण्यांतूनच १९८४ मध्ये अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ उभे राहिले. एका अमेरिकी सैनिकाच्या वंशात यंत्रमानव निघाले, ते प्रत्येक पिढीनं आधीच्या पिढीचं अंग उचलून वापरल्यामुळे.

इकडे चित्रपटांच्या कार्यशाळांत हीच युक्ती वेगळ्या कारणासाठी चालू होती. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘थंडरबर्ड्‌स’ मालिकेची यानं करताना डेरेक मेडिंग्ज यांच्या चमूनं बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिक मॉडेलचे तुकडे पृष्ठभागावर चिकटवले, म्हणजे गुळगुळीत खोकं खऱ्या यंत्रासारखं गुंतागुंतीचं दिसे. ‘स्टार वॉर्स’च्या कारागिरांनी रणगाडे आणि जहाजांच्या मॉडेल किटमधले भाग ढिगानं वापरून आपली अंतराळयानं सजवली. त्या चित्रपटाची खेळणी करायचं काम सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे आलं, तेव्हा १९७७ मध्ये केनरच्या डिझायनरांनीही पहिले नमुने नव्यानं कोरले नाहीत. फिशर-प्राइसच्या ‘अ‍ॅडव्हेंचर पीपल’ या खेळण्यातली माणसं घेतली, कापली, वाढवली, रंगवली आणि त्यांतून ल्यूक, लेया, डार्थ व्हेडर यांच्या कच्च्या आवृत्त्या केल्या. पुढे अख्ख्या खेळणी-उद्योगाचं माप ठरलेला पावणेचार इंची आकार असा स्पर्धक कंपनीच्या पुतळ्यांवर केलेल्या किटबॅशमधून पुढे आला.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक साधा स्क्रू. १९८२ मध्ये हॅस्ब्रोनं जी.आय. जो पावणेचार इंचांत नव्यानं आणला. त्याच्या छातीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पाठीतल्या एकाच स्क्रूनं जोडलेले असत. आत काळ्या रबराचं एक कडं आणि त्यात अडकवलेला धातूचा आकडा, त्यावर पाय आणि कंबर पेललेली. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू काढला की डोकं, दोन हात, धडाचे दोन तुकडे, कंबर आणि पाय हातात येत. रबर वर्षानुवर्षांनी कडक होऊन तुटे आणि पाय गळून पडत. म्हणजे ज्याला नुसती दुरुस्ती करायची त्यालाही पुतळा उघडावाच लागे. दुरुस्तीला बसलेल्या पोरासमोर दोन सैनिकांचे भाग एकत्र पडले की याचे पाय त्याला लावून बघण्याचा मोह होणारच. माझ्या मते छोट्या आकारातलं कस्टमायझिंग सर्वसामान्य मुलांपर्यंत पोचलं ते या रचनेमुळे. त्याला वेगळी हत्यारं लागत नव्हती आणि काही कायमचं मोडतही नव्हतं.

आणि कंपनी स्वतः काय करत होती? तेच. पोलादी साचा ही या धंद्यातली सर्वांत खर्चिक गोष्ट. म्हणून पहिल्या तुकडीतल्या ब्रेकर, क्लच आणि रॉक अँड रोल या तिघांना एकच दाढीवालं डोकं दिलं, केसांचे रंग बदलले. स्नेक आइज तर रंगकामाचा खर्च वाचवायला नखशिखान्त काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओतला, आणि तोच पुढे सर्वांत लाडका ठरला. ही-मॅनचं धडही असंच अनेक पात्रांना पुरलं. काटकसरीतून आलेल्या या पद्धतीनं मुलांना नकळत शिकवण दिली की डोकं, रंग आणि हातातलं हत्यार बदललं की माणूस बदलतो.

साचे देशोदेशी फिरले. ब्राझीलच्या एस्त्रेला आणि अर्जेंटिनाच्या प्लास्तिरामा या कंपन्यांनी हॅस्ब्रोच्या साच्यांतून स्वतःच्या रंगांचे सैनिक काढले. भारतात १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल स्थापन केली. तिचा कारखाना गोव्यात सुरू झाला. फनस्कूलचे जी.आय. जो अमेरिकी सैनिकांच्याच साच्यांतले, पण रंगसंगती निराळी. मूळ पुतळा करडा असेल तर इथला भडक, आणि कधी जोडलेले भागही वेगळ्या सैनिकाचे. १९९४ मध्ये अमेरिकेत ही मालिका थांबली, तरी फनस्कूलचं उत्पादन पुढेही चालू राहिलं. नव्वदच्या दशकात मराठी घरांतल्या पोरांच्या हाती पडलेले जो बहुधा हेच. परदेशातले संग्राहक आज त्यांच्या मागे असतात, ते नेमके या वेगळ्या रंगांसाठी. एका देशाचं खेळणं दुसऱ्या देशाच्या कारखान्यात नवं रूप घेतं, हेसुद्धा कस्टमच, फक्त मोठ्या प्रमाणावरचं.

घरच्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र साहित्याचा स्वभाव जाणावा लागतो. मऊ पीव्हीसीचं डोकं थेट ओढलं तर मानेची खुंटी तुटते. गरम पाण्यात काही वेळ बुडवलं की ते सैल होऊन सुटतं. एका पुतळ्याची मान आणि दुसऱ्याचं डोकं जुळत नसेल तर भोक लुकणानं बुजवायचं आणि हँड ड्रिलनं नवं पाडायचं. हे लुकण दोन भागांचं असतं. ते मळून लावलं की काही तासांत दगडासारखं होतं. आपण गळक्या नळाला लावतो तो एम-सील याच जातीचा. जोडायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या वर्गातला गोंद. हे रसायन हॅरी कूव्हर यांना १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हाती लागलं आणि १९५८ मध्ये बाजारात आलं. ढिला पडलेला सांधा घट्ट करायलाही तोच कामी येतो. सांध्याच्या गोळ्यावर पातळ थर द्यायचा आणि तो सुकेपर्यंत सांधा हलवत राहायचा.

खरी कसोटी रंगात. सांध्याच्या घासणाऱ्या बाजूचं प्लॅस्टिक आधी पॉलिश पेपरनं किंचित उतरवावं लागतं, नाहीतर पहिल्या हालचालीत रंग निघतो. मऊ पीव्हीसीवर तेलकट स्प्रे मारला तर प्लॅस्टिकमधलं मऊपणा देणारं द्रव्य रंगात उतरतं आणि तो कायम चिकट राहतो. म्हणून अ‍ॅक्रिलिक रंग, तेही पातळ पातळ अनेक हातांत. डोळे सर्वांत शेवटी, अगदी बारीक कुंचल्यानं. बाहुली आणि व्यक्ती यांतला फरक तिथं पडतो.

आशियानं या कामाला कलेचा मान दिला. जपानमध्ये १९८० च्या दशकात हौशी शिल्पकार आपले नमुने सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून मोजक्या प्रतींत काढू लागले. त्यांच्या ‘वंडर फेस्टिव्हल’ या मेळ्यानं एक देखणा तोडगा काढला. मूळ हक्कधारक त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना देतात, त्यामुळे चाहता चोर ठरत नाही. हाँगकाँगमध्ये मायकेल लाऊ यांनी एका स्थानिक बँडच्या अल्बमसाठी जी.आय. जोचे पुतळे बदलून त्यांना रस्त्यावरच्या तरुणांचं रूप दिलं. त्याच वाटेनं १९९९ मध्ये त्यांची ‘गार्डनर’ मालिका आली आणि डिझायनर टॉय नावाची नवी शाखा फुटली. आता त्रिमितीय छपाईमुळे हवं ते डोकं घरी काढता येतं. तरी माप जुळवणं, सांधा बसवणं आणि रंग चढवणं हे काम हातांकडेच आहे.

लेव्हिन यांनी १९६४ च्या जी.आय. जोसाठी हातानं घडवलेला मूळ नमुना २००३ मध्ये दोन लाख डॉलरला विकला गेला. कारखान्यातून लाखोंनी निघालेल्या प्रतींपेक्षा तो एक हातचा पुतळा मोलाचा ठरला. घरी बसून सुटे भाग जुळवणाऱ्यांना मी याच परंपरेतले मानतो. त्यांच्यात एक फार चांगली रीत आहे. पुतळा पूर्ण झाला की त्याची ‘रेसिपी’ सांगायची: डोकं अमक्याचं, धड तमक्याचं, बूट तिसऱ्या संचातले, उरलेलं लुकणाचं. यामुळे बनावट प्रत अस्सल म्हणून खपत नाही, मूळ शिल्पकाराचं श्रेय बुडत नाही आणि शिकणाऱ्याला वाट मिळते. मोठ्या कंपन्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला. बॅटल कॅटच्या खोक्यावर बिग जिमच्या वाघाचा उल्लेख नव्हता. म्हणून हा छंद करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पुतळ्याची रेसिपी लिहून ठेवावी. या कलेचा खरा इतिहास अशाच नोंदींतून लिहिला जाणार आहे.