हजेरीची कुळकथा

लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि हा व्यापार बसला. तसेच इतरही भटके पोटापाण्याला मुकले. १८५७च्या उठावानंतर तर इंग्रज सरकारला प्रत्येक भटक्याचीच धास्ती वाटू लागली. या माणसांना नवा धंदा द्यायला हवा होता. त्यांच्या हाती आला १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. अमुक जमात गुन्हेगार, असं राजपत्रात छापलं की जन्मलेलं पोरही त्यात मोजलं जाई. या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दादसुद्धा मागता येत नसे.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू झाला. १९११च्या सुधारित कायद्यामुळे तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटे यांच्यामागे पोलिसांकडची हजेरी लागली. सोलापूरला तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसं दिवसा कापडगिरणीत राबत आणि पाळी संपली की पुन्हा कुंपणाआड जात. गिरण्यांना मजूर हवेच होते. या माणसांना मजुरी मिळे, हे खरं. पण काम सोडून जायची मुभा नसलेल्या माणसाला कामगार म्हणायला माझं मन धजत नाही.

बोटांचे ठसे घेतलेले, नाव रजिस्टरात चढलेलं. परगावी जायचं तर पास हवा. सोयऱ्याच्या मयतीला पासाशिवाय गेलं आणि हजेरी चुकली, तरी तो गुन्हाच. मग शिक्षा, आणि त्या शिक्षेची नोंद पाहून पुढचा संशय. कुणाच्या घरची सुईसुद्धा न उचलता माणूस असा सराईत ठरे. तुरुंग भरण्याची ही रीत मला चोरीहून भयंकर वाटते.

३१ ऑगस्ट १९५२ला कायदा देशभर रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा केला आणि पोलिसांच्या नजरेतला संशय काही गेला नाही. आज देशातल्या तुरुंगांत चारांतले सुमारे तीन कैदी कच्चे आहेत. पालावरच्या पारध्याला जामीन मंजूर झाला तरी जामीनदार कुठून मिळणार? त्याच्या ओळखीत सातबारा असलेला कोण? ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं लोटली, तरी हे बजावावं लागलं.