फॉर्मच्या स्क्रिप्टमध्ये आर्ग्युमेंट देताना होणाऱ्या ४ चुका

फॉर्मवरची रक्कम चुकली की नवशिके आधी गणित तपासतात. माझा अनुभव असा, की गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. फंक्शनला दिलेलं आर्ग्युमेंटच चुकीचं असतं. जावास्क्रिप्ट अशा वेळी सहसा एररही देत नाही, चुकीचं बिल सरळ ग्राहकाला दाखवते.

उदाहरणासाठी फराळाच्या ऑर्डरचा फॉर्म घेऊ. फंक्शन आहे बिल(भाव, किलो, कुरिअर) आणि ते भाव * किलो + कुरिअर इतकी रक्कम काढतं. (जावास्क्रिप्टमध्ये अशी देवनागरी नावं चालतात, अंक मात्र इंग्रजीच लागतात.)

१) कंस आधीच लावणे
बटणाच्या क्लिकला बिल() जोडलं, तर फंक्शन पान उघडतानाच चालतं आणि क्लिकवर काहीच होत नाही. कंस म्हणजे 'आत्ता चालव'. नुसतं बिल दिलं, तर पहिल्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे भावाच्या जागी, क्लिकचा इव्हेंट येऊन बसतो. म्हणून असं लिहा:
() => बिल(भाव, किलो, कुरिअर)

२) व्हॅल्यूऐवजी रकाना देणे
आयडीने शोधल्यावर हातात येतो तो रकाना. आतला मजकूर हवा तर पुढे डॉट व्हॅल्यू लावा. तोही क्लिक झाल्यावरच वाचा. पान उघडताना वाचला तर रकाना तेव्हा रिकामाच असतो.

३) मजकुराला आकडा समजणे
ही सगळ्यात फसवी चूक. रकाना नंबर प्रकारचा असला तरी व्हॅल्यू मजकूर म्हणूनच मिळते. गुणाकार मजकुराचा आकडा करून घेतो, पण अधिक चिन्ह मजकूर जोडतं. त्यामुळे ४०० गुणिले २ बरोबर ८०० येतात आणि ६० रुपये कुरिअर मिळवल्यावर बिल होतं ८००६०! प्रत्येक व्हॅल्यू आधी नंबर() मधून काढा. दोन गोष्टी लक्षात ठेवा: रिकाम्या रकान्याचा नंबर() शून्य देतो, आणि साध्या मजकुराच्या रकान्यात कोणी मराठी अंकांत '४००' टाइप केलं तर नॅन मिळतं.

४) क्रम चुकणे, आर्ग्युमेंट राहणे
आर्ग्युमेंट नावाने नाही, क्रमाने जुळतात. किलो आणि कुरिअरची अदलाबदल झाली तर ८६० ऐवजी २४००२ येतात. कुरिअर द्यायचंच राहिलं तर बेरीज नॅन होते; त्यासाठी पॅरामीटरमध्येच कुरिअर = 0 लिहून ठेवा.

तरीही बिल चुकतंय? फंक्शनच्या पहिल्या ओळीत तिन्ही पॅरामीटर आणि त्यांचा टाइपऑफ कन्सोलमध्ये छापा. स्ट्रिंग, ऑब्जेक्ट किंवा अनडिफाइन्ड दिसलं, की चूक कुठली ते तिथेच कळतं.