सशर्त स्वरूपण, स्प्रेडशीटमधील

संगणकीय कोष्टकातील (स्प्रेडशीटमधील) एखाद्या चौकटीतील मूल्य ठरावीक अट पूर्ण करीत असेल, तर त्या चौकटीचा रंग, कड किंवा अक्षरांचे स्वरूप आपोआप बदलण्याच्या सोयीस ‘सशर्त स्वरूपण’ म्हणतात. कार्यालयांतून ती कंडिशनल फॉरमॅटिंग या नावानेच अधिक परिचित आहे. मूल्यास रंग देण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. तिच्या इतिहासातील महत्त्वाचे स्थित्यंतर रंगांचे नसून, रंगाची अट कोण ठरवितो याविषयीचे आहे.

शार्ल द्यूपँ (१७८४–१८७३) या फ्रेंच गणितज्ञाने १८२६ मध्ये फ्रान्सच्या नकाशावर विभागवार शिक्षणप्रसार फिक्या व गडद छटांनी दाखविला. नकाशा सोडून प्रत्यक्ष कोष्टकालाच रंग देण्याचे एक उल्लेखनीय उदाहरण म्हणजे तूसँ लुआ यांचा पॅरिसच्या लोकसंख्येविषयीचा नकाशासंग्रह (१८७३). शहराच्या २० विभागांसंबंधीच्या ४० नकाशांचा सारांश त्यांनी एका कोष्टकात आणला; त्यात अल्प मूल्यास पांढरा व पुढे चढत्या क्रमाने पिवळा, निळा आणि लाल रंग योजिला. निळ्यापेक्षा लाल अधिक, हे मात्र वाचकास लक्षात ठेवावे लागे. झाक बेर्तँ (१९१८–२०१०) यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात नेमके हेच विवेचन केले : छटेच्या गडदपणातून क्रम आपोआप उमगतो, निरनिराळ्या रंगांतून उमगत नाही.

डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँक्स्टन यांची व्हिझिकॅल्क ही आज्ञावली १९७९ मध्ये ॲपल–२ संगणकासाठी विक्रीस आली. तीत ६३ स्तंभ व २५४ ओळी होत्या. तिचे सामर्थ्य पुनर्गणनेत होते, रंगांत नव्हे. लोटस १–२–३ (१९८३) व एक्सेल (१९८५) या तिच्यामागून आल्या. ऋण संख्या लाल दाखविण्याची सोय एक्सेलच्या अंकस्वरूपाच्या संकेतांत होती. जमाखर्चातील लाल शाईचीच ती परंपरा. ‘एक्सेल ९७’ या आवृत्तीत सशर्त स्वरूपण स्वतंत्रपणे आले. एका चौकटीस तीन अटी घालता येत. मर्यादा तोकडी होती हे खरे. पण प्रत्येक अट वापरणाऱ्यास स्वतः लिहावी लागे आणि म्हणून ती त्याला ठाऊक असे.

२००७ च्या आवृत्तीत तीन अटींची मर्यादा गेली आणि रंगपट्टी, मूल्यदंड व चिन्हसंच हे तीन नवे प्रकार आले. येथे चौकटीचा रंग तिच्या एकटीच्या मूल्यावर अवलंबून राहिला नाही. शेजारच्या चौकटींची मूल्येही तो ठरवू लागली. समजा, पाच गावांना लागलेल्या पाण्याच्या टँकरांची संख्या ४, ६, ९, १२ व २०० आहे. किमान ते कमाल अशी दोन रंगांची पट्टी लावल्यास पहिल्या चार गावांमधील सर्व अंतर पट्टीच्या सु. ४ टक्क्यांत मावते. चौथ्या गावाची गरज पहिल्याच्या तिप्पट असूनही ती चारही गावे डोळ्यांना सारखीच भासतात. मूल्यदंडांतही प्रारंभी दोष होता. सर्वांत लहान मूल्यास चौकटीच्या सु. दशांश लांबीचा दंड मिळे. म्हणजे ते मूल्य शून्य असले तरी काहीतरी असल्याचे दिसे. २०१० च्या आवृत्तीत हा दोष दूर झाला व ऋण मूल्यांसाठी उलट दिशेचे दंड आले.

लाल-हिरव्या जोडीस आणखी एक अडचण आहे. यूरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सु. ८ टक्क्यांना या दोन रंगांतील भेद नीट कळत नाही. या दृष्टीने फिकट-गडद अशी एकाच रंगाची पट्टी अधिक सोयीची.

तीन चिन्हांच्या संचात, वेगळे न सांगितल्यास, किमान व कमाल मूल्यांमधील अंतराच्या ३३ व ६७ टक्क्यांवर सीमा पडतात. आपल्याकडील शाळांच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ अनुत्तीर्णाच्या गुणांखाली येई व तिच्यामागील मर्यादा पालकांनाही ठाऊक असे. एखाद्या वर्गाचे गुण ६० ते ९५ या दरम्यान असतील, तर रंगीत बाणांच्या संचात ७१ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही खाली वळलेला लाल बाण उमटतो. सीमा टक्क्यांऐवजी प्रत्यक्ष संख्येत देण्याची तरतूद त्याच चौकटसंवादात आहे. तेथे ३५ हा आकडा घालावा लागतो.