परदेशी पदवी भारतात चालेल का? प्रवेश घेण्याआधी हे तपासा

‘आमचा कोर्स आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त आहे’ असं अनेक जाहिरातींत लिहिलेलं असतं. पण जगभरातल्या विद्यापीठांना मान्यता देणारी एकच संस्था अस्तित्वात नाही. मान्यता देशानुसार बदलते आणि अभ्यासक्रमानुसारही. म्हणून विचारायचं ते असं: मान्यता कुणाची आणि कशासाठी?

दर्जा कोण तपासतं?
भारतात नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करते, तर एनबीए अभियांत्रिकीसारख्या एकेका अभ्यासक्रमाचं. दोन्हींची सुरुवात 1994 मध्ये झाली. अमेरिकेत हे काम सरकार थेट करत नाही, खासगी संस्था करतात. त्यातल्या कोणत्या संस्था विश्वासार्ह आहेत, हे तिथलं शिक्षण खातं आणि सीएचईए ही संस्था पाहते. याचाच फायदा घेऊन काही बोगस विद्यापीठं बोगस संस्थांकडून ‘मान्यता’ मिळवतात. त्यामुळे मान्यता देणाऱ्या संस्थेचं नावही तपासावं लागतं.

भारतात परत आल्यावर काय?
पुढचं शिक्षण किंवा नोकरीसाठी समकक्षता प्रमाणपत्र लागू शकतं. म्हणजे तुमची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे, असा दाखला. पूर्वी हे काम प्रामुख्याने असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत असे. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने यासाठी स्वतःचे नियम अधिसूचित केले. परदेशी संस्थेला तिच्या स्वतःच्या देशात मान्यता असणं ही त्यातली मूलभूत अट आहे. फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदव्यांना या नियमांत मान्यता नाही.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांचं काय?
वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर यांना यूजीसीचे हे नियम लागू नाहीत. तिथे त्या-त्या व्यवसायाची परिषद निर्णय घेते. परदेशात एमबीबीएस करायचं असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम आधी वाचा: किमान 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याइतकी ती पदवी पात्र हवी. एवढं करूनही भारतात परीक्षा द्यावी लागतेच.

भारतीय पदवी परदेशात चालते?
अभियांत्रिकीसाठी 1989 चा वॉशिंग्टन करार आहे. सदस्य देश एकमेकांचे मूल्यांकन मान्य करतात. भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. मात्र याचा लाभ एनबीएने ‘टियर-1’ गटात मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. कॉलेज नावाजलेलं असून भागत नाही.

परदेशी विद्यापीठ इथेच आलं तर?
यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठं भारतात कॅम्पस उघडू शकतात. मुंबई-नवी मुंबईसाठीही काही विद्यापीठांना इरादापत्रं मिळाली आहेत. परवानगी असलेल्या कॅम्पसच्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. पण ‘कॅम्पस’ आणि ‘टाय-अप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फी भरण्याआधी चार प्रश्न
1. विद्यापीठाला त्याच्या देशात मान्यता आहे का?
2. नेमक्या याच अभ्यासक्रमाला आहे का?
3. पदवीवर कुणाचं नाव असेल?
4. भारतात या व्यवसायाची परिषद कोणती आणि तिच्या अटी काय?

उत्तरं एजंटकडून नव्हे, त्या-त्या नियामकाच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या. शैक्षणिक कर्ज घेण्याआधीच घ्या, कारण पदवी अमान्य ठरली तरी हप्ते थांबत नाहीत.