पिठाचे गहू होत नाहीत

पायथन शिकू लागलेला विद्यार्थी थोड्याच दिवसांत नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा प्रोग्रॅम लिहितो. सगळे शब्द एका साध्या फाइलीत ठेवायचे आणि कोणी आले की ताडून पाहायचे. प्रोग्रॅम चालतो, शाबासकीही मिळते. पण ती फाइल उघडली की सर्वांचे शब्द वाचता येतात. संगणकशास्त्रातही एकेकाळी हीच चूक झाली होती.

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो व सहकाऱ्यांनी एक संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सी.टी.एस.एस. ही प्रणाली दाखवली. प्रत्येकाच्या फाइली खाजगी राहाव्यात म्हणून परवलीचे शब्द आले. ते मात्र एकाच फाइलीत, जसेच्या तसे! १९६२ मध्ये ॲलन शेअर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. ती फाइल छापून मागणारे पंचकार्ड त्याने दिले आणि यादी हाती आली. ही हकीकत पुढे त्यानेच सांगितली. १९६६ मध्ये तर चोराचीही गरज पडली नाही. एक जण रोजची सूचना दुरुस्त करत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना एकच नाव मिळाले, मजकुराची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांचे शब्द दिसले.

याच दशकात केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी उपाय शोधला: मूळ शब्द साठवूच नये. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत; तसे एकाच दिशेने चालणारे गणिती रूपांतर करून फक्त 'पीठ' साठवावे. वापरणाऱ्याने शब्द दिला की तो पुन्हा दळून पीठ जुळते का, एवढेच पाहावे.

पण समान शब्दांचे पीठही समानच. चोर शब्दकोशातले सगळे शब्द एकदाच दळून ठेवील आणि यादीशी ताडून पाहील. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी तपासलेल्या ३२८९ शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के फार आखूड, साधे किंवा शब्दकोशातले निघाले. युनिक्समध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. दळण मुद्दाम संथ केले आणि प्रत्येक शब्दात वेगळे 'मीठ', म्हणजे ४०९६ पैकी एक यादृच्छिक संख्या, मिसळली. आता दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ बहुधा वेगळेच. मीठ गुप्त नसते. ते पिठाशेजारीच लिहिलेले असते.

पायथनच्या हॅशलिब या संचात २०१४ पासून असे मीठ घालून हजारो वेळा दळणारे फलन तयार आहे. विद्यार्थ्याला ते लगेच देऊ नका. आधी खोटे शब्द वापरून त्याचा पहिला प्रोग्रॅम चालवा आणि ती फाइल त्याच्या मित्राला उघडायला सांगा. खोटेच शब्द घ्या, कारण मुले तोच शब्द दहा ठिकाणी वापरतात. फाइल उघडली की पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.