आधी रुग्णालय, मग शाळा

नर्सिंगला प्रवेश घ्यायचा म्हटलं की घरात पहिली चर्चा होते फीची, दुसरी कॉलेज किती लांब आहे याची. सव्वाशे वर्षांपूर्वी हे प्रश्न पडतच नसत. तेव्हा मुलगी थेट रुग्णालयातच शिकायला जायची. तिथेच राहायची, तिथेच जेवायची, वॉर्डात राबत शिकायची आणि शिकून झालं की बहुधा त्याच वॉर्डात कामाला लागायची. शाळा निवडणं म्हणजेच रुग्णालय निवडणं होतं.

मुंबईत हे शिक्षण सुरुवातीला जिथे रुजलं, त्यांत कामा रुग्णालय होतं. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय 1886 मध्ये सुरू झालं. बायकांसाठीचं आणि बायकांनीच चालवलेलं. पुरुष डॉक्टरने तपासण्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं, असं मानणाऱ्या घरांतल्या बायका इथे येऊ शकत होत्या. प्रमुख डॉक्टर होत्या एडिथ पीची, एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात जणींपैकी एक. पण डॉक्टर बाई असून भागत नव्हतं. रात्रभर बाळंतिणीजवळ बसणारी, ताप पाहून नोंद ठेवणारी, शिकलेली बाईही हवी होती. ती आयती मिळणार नव्हती, म्हणून तिथेच घडवायला सुरुवात झाली. 1891 मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांचं नाव येतं, तेही जेमतेम एका ओळीत. त्या काळात घराबाहेर पडून परक्यांची शुश्रूषा शिकणाऱ्या बाईला याहून जास्त जागा मिळायला हवी.

दक्षिण महाराष्ट्रात हे काम ख्रिस्ती मिशनने केलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं आणि पुढे तिथे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. मिशनच्या शाळांत शिकलेल्या ख्रिस्ती मुली या पेशात आधी आल्या, कारण त्यांच्यावर सोवळ्याओवळ्याचं बंधन नव्हतं.

हिंदू घरांतलं दार उघडायला रमाबाई रानडे यांना कष्ट घ्यावे लागले. 1909 मध्ये पुण्यात त्यांची सेवासदन ही संस्था सुरू झाली आणि काही काळातच संस्थेच्या बायका नर्सिंग शिकण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. कुणाही जातीच्या रोग्याला हात लावायचा, परपुरुषाच्या जखमा धुवायच्या, वर रात्रपाळी! पुण्यात यावर बोलणारी तोंडं कमी नव्हती. सेवासदनने त्यावर काढलेला उपाय अगदी व्यावहारिक होता: या बायकांसाठी वसतिगृह. राहायला सुरक्षित जागा आणि पाठीशी संस्थेचं नाव असलं की घरच्यांचा विरोध निम्मा मावळतो, हे रमाबाईंनी ओळखलं होतं. आजही मुलीला परगावी नर्सिंगला पाठवताना आईवडील आधी होस्टेलच पाहतात.

तरीही हा पेशा मोजक्या जणींपुरताच राहिला. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला, तेव्हा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या नर्स होत्या सुमारे 7,000, म्हणजे साधारण 43,000 माणसांमागे एक. नर्सचं राहणं, कामाचे तास, पगार यांवरही समितीने कडक शब्दांत बोट ठेवलं. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज 1964 मध्ये निघालं. एकीकडे तीन-साडेतीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा, दुसरीकडे चार वर्षांची बीएस्सी, अशा दोन वाटा तेव्हापासून आहेत.

सरकारी शाळांत मात्र जुनी रीत बराच काळ टिकली. विद्यावेतन मिळायचं, होस्टेल मिळायचं आणि बदल्यात बंधपत्र लिहून द्यावं लागायचं. पास झालेली मुलगी ‘बंधपत्रित’ म्हणून सरकारी रुग्णालयात रुजू व्हायची. कायम होण्यासाठी पुढे वर्षानुवर्षं झगडा असला, तरी पहिली नोकरी शोधत फिरावं लागत नसे.

खासगी कॉलेजं वाढली आणि शाळा व रुग्णालय यांना जोडणारा हा धागा तुटला. त्याचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो प्रसूतिकक्षात. जीएनएमच्या जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने 20 बाळंतपणं स्वतःच्या हाताने करून केसबुकात नोंदवायची असत: आईचं वय, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, बाळ किती वाजता जन्मलं, वजन किती, वार पूर्ण पडली का, आणि खाली सिस्टरची सही. ज्या कॉलेजचं स्वतःचं मोठं रुग्णालय आहे, तिथे हे केसबुक रात्रपाळ्यांत भरत जातं. जिथे एकाच सरकारी रुग्णालयात तीन-चार कॉलेजांच्या मुली पाठवल्या जातात, तिथे एका खाटेभोवती पाचसहा जणी उभ्या राहतात. हात एकीचाच लागतो, बाकीच्या बघतात. असं नुसतं बघून शिकलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत पहिल्याच रात्री घाम फुटतो, आणि तो दोष तिचा नसतो.

भारतीय परिचर्या परिषदेने कॉलेजला किमान 100 खाटांच्या स्वतःच्या रुग्णालयाची अट घातली, ती यासाठीच. मान्यता परिषदेच्या यादीत तपासता येते, खाटा मात्र डोळ्यांनी पाहाव्या लागतात. प्रवेशाआधी प्राचार्यांच्या खोलीत बसण्यापेक्षा पालकांनी दुपारच्या वेळी त्या रुग्णालयाच्या वॉर्डात एक फेरी मारावी. खाटांवर रोगी आहेत की नुसत्या चादरी? महिन्याला बाळंतपणं किती होतात? आणखी किती कॉलेजांच्या मुली इथे येतात? वॉर्डात शिकवायला ट्यूटर असतात का? गेल्या वर्षी पास झालेल्या मुली आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलेल्या अंतिम वर्षाच्या मुली सगळ्यात खरं देतात.

पास झाल्यावर आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते, त्याशिवाय नोकरी नाही. सरकारी जागांसाठी आता स्पर्धा परीक्षा असते. एम्ससाठी नॉरसेट ही परीक्षा आहे. खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार थोडा कमी असला, तरी अतिदक्षता विभागात किंवा शस्त्रक्रियागृहात काम शिकवणारी जागा मिळत असेल तर ती घ्यावी. पुढच्या मुलाखतीत मेट्रन विचारतात ते वॉर्डातल्या कामाबद्दलच: व्हेंटिलेटरवरचा रोगी सांभाळला आहे का, एका पाळीत किती रोगी होते, रात्री एकटीने किती वेळा निभावलं.